दोन एप्रिलची कावीळ

रत्नागिरी,
१४ एप्रिल १९८६

गोदाताय,

नमस्कार मागनं करतो, आधी हे वाच. तुला कावीळ झालीय. दचकू नको, मीच लावलीय.

केरूभावजींनी कळवलेली ती सरकारी ड्रायव्हरची ट्रायल दोन तारखेला होती ना, तिला जायला रजा पायजे होती. राजाभाऊंना खरं सांगितलं असतं तर ऐन आंब्याच्या हंगामात त्यांनी मला कलमाला बांधून ठेवला असता. पाच वर्षं त्यांची जीप नि टेम्पो दोन्ही मीच हाकतोय, असा बैल कोण सोडतो? म्हणून बोललो, बहीण अलोऱ्याला काविळीनं पडलीय, डोळे हळदीसारखे झालेत. लगेच जा बोलले. तर तिकडे बागेतलं कोण भेटलं तर वाईच पिवळी पड.

ट्रायल झकास झाली. साहेबानं चढावावर गाडी थांबवायला लावली, मागच्या चाकाखाली काड्याची पेटी ठेवली नि बोलला, आता उचल, पेटी चिरडली तर घरी जा. उचलली. पेटी जशीच्या तशी. साहेबानं तिच्यातलीच काडी काढून विडी पेटवली.

आता मज्जा ऐक. राजाभाऊंना पोलिसांची नोटीस आलीय. तुमची गाडी संगमेश्वराच्या अलीकडच्या वळणावर भरधाव गेली, हवालदारानं हात केला, शिट्टी मारली, तरी थांबली नाय. कोण चालवत होता ते कळवा, खटला भरायचाय. आता नोटीस बघ कशी. नंबर जीपचा, पुढं लिहिलंय टेम्पो. वेग लिहिलाय ताशी एकशे दहा! गो, ती जीप घाटातनं खाली ढकलली तरी एकशे दहा जायची नाय. आणि सगळ्यात भारी म्हणजे तारीख, सव्वीस मार्च. म्हणजे आपला शिमगा! जीप शेडात, मी गावात देवीच्या पालखीखाली. अख्ख्या जिल्ह्यात शिमग्याला एक ड्रायव्हर जाग्यावर असतो काय?

पेट्या भरणाऱ्या बायकांना मी ती नोटीस कीर्तनासारखी वाचून दाखवली. एका चुकीला एक आंबा असा भाव लावला. मथुराकाकू हसता हसता पेंढ्यात पडली. तीन आंबे मिळाले, एक सडका.

भावजींना सांग, सरकारी टोपीचं माप घेऊन ठेवा.

तुझा बाबल्या


अलोरे,
२१ एप्रिल

बाबल्या,

तुझी कावीळ इथं पोचली, ती पण औषधासकट. बागेतला रामा परवा चिपळुणात पेट्या टाकून इथवर आला. मालिनीबाईंनी काविळीचं मूळ पाठवलं होतं, ताकातून घ्यायचं. रामा मी पिईपर्यंत दारातनं हलला नाय. तशी ताकीद होती त्याला. कडू जहर. दोन दिवस तोंडाला चव नाय. हे मस्करीत लिहीत नाय. राजाभाऊंची बायको माझ्यासाठी मूळ उगाळते आणि मी धडधाकट उभी राहून पिते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रामा जाताना एक बोलला. दोन तारखेला तू नव्हतास म्हणून बागेत सगळ्यांची धावपळ झाली. तेवढंच बोलला, मी पण पुढं विचारलं नाय.

आता तुझ्या नोटिशीचं. चुका असतील. लिहिणाऱ्याचा हात चुकतो. पण उन्हात उभ्या माणसाला शिट्टी मारायला काय स्वप्न पडलं होतं? त्याच्या समोरून काहीतरी गेलं. तारीख चुकली म्हणून गाडी गेलीच नाय असं होत नाय.

आणि तू फार हसतोयस. लहानपणी पण आईचा लोटा फोडलास की आधी येऊन गमती सांगायचास. कोण चालवत होता ते राजाभाऊंनी कळवलं काय? काय कळवलं? तू कुठं सही केली नाहीस ना?

हे बोलले, नोकरीच्या यादीत तुझं नाव वर आहे. जूनमध्ये बोलावतील. पत्ता तू आमचाच दिलायस ते बरं केलंस. तोवर लायसनला डाग लागू देऊ नको. एवढंच संभाळ.

गोदा


रत्नागिरी,
३ मे

ताय,

मूळ प्यायलीस हे वाचून मी बागेच्या दगडी गडग्यावर बसून हसलो नि मग हसायचं थांबलो. चुकलं माझं.

दुसरं पण सांगतो, पण आधी शिव्या देऊन घे. दिल्यास? मग वाच. सही केलीय.

असं झालं. राजाभाऊंनी मला ओटीवर बोलावलं. खाली नाय, ओटीवर, खुर्ची दिली. मालिनीबाईंनी चहा कपातनं दिला, गड्यांच्या पेल्यातनं नाय. राजाभाऊ बोलले, "बाबल्या, ह्या नोटिशीत काही राम नाही. तारीखच शिमग्याची. पण उत्तर तर द्यावं लागतं, आणि नाव कोणाचं तरी लिहावं लागतं. भास्करचं लिहिलं तर त्याचा पासपोर्ट अडकेल. पोलिसांचा दाखला लागतो."

भास्कर त्यांचा मुलगा. दापोलीला शेतीचं कॉलेज केलं, आता पुढं शिकायला परदेशी जायचंय.

मी बोललो, "मग माझं लिहा?"

"तू त्या दिवशी पालखीखाली होतास. अख्खा गाव बघत होता. तुझ्यावर हे टिकणारच नाही. वकील मी देतो. आणि तू काय परका आहेस? घरातलाच तू."

ताय, तुला खोटं वाटेल, पण त्या 'घरातलाच'नं मला गार केला. पाच वर्षं मी त्या घराच्या मागल्या दारानं जेवलोय. मी लिहून दिलं की त्या गाडीवर नेहमी मीच असतो, त्या वेळी पण मीच होतो. लिहिताना हसत होतो. मला वाटलं पोलिसांची काय फजिती करतोय मी! शिमग्याच्या सोंगासारखं. सोंग काढायचं, नि धुळवडीला तोंड धुवायचं.

समन्स आलंय, तालुक्याच्या कोर्टात सव्वीस तारखेला. मी गावाला जाऊन साक्षीदार गोळा करून आलो. दादू गावकर बोलला, कोर्टात देवीचं नाव घ्यायचं तर तिला विचारायला पायजे. देवळात कौल लावला. बाबल्या त्या दिवशी पालखीखाली होता, हे खरं असेल तर उजवा दे. फूल उजवं पडलं, क्षणात. पुजारी पण बोलला, एवढा फटदिशी कौल कधी बघितला नाय.

आता देवीच माझी साक्षीदार. हवालदार काय करणार?

बाबल्या


अलोरे,
९ मे

बाबल्या,

शिव्या दिल्या नाय. हातातलं पीठ तसंच ठेवून लिहितेय.

जीप खरी कोणत्या दिवशी गेली ते विचार. राजाभाऊंना नको, रामाला विचार. मथुराकाकूला विचार. दोन तारखेला तू ट्रायलला होतास, मग त्या दिवशी जीप कोणी काढली? एवढंच विचार आणि कोर्टाच्या आधी पोलिसात जाऊन खरं सांग. आता सांगितलंस तर चूक ठरेल, नंतर सांगशील तर गुन्हा ठरेल.

कपातला चहा मला पण आवडतो. पण त्याच्यासाठी लायसन देत नाय कोण.

गोदा


गाव,
२८ मे

ताय,

आईकडनं लिहितोय. तिला वाटतंय सुटीवर आलोय.

तू विचार बोललीस, मी नाय विचारलं. विचारलं असतं तर कोर्टात हसता आलं नसतं.

दादू गावकर नि दोघं मानकरी धुतलेली धोतरं नेसून, नारळ घेऊन आलेले. कोर्टात नारळ कशाला, मी बोललो. दादू बोलला, सुटलास की फोडायचा. राजाभाऊ पण आले होते, वकिलाच्या बाजूला बाकावर.

साहेबांनी विचारलं, "गाडी तू चालवत होतास असं लिहून दिलंयस. गुन्हा कबूल?"

मी तयारीतच होतो. बोललो, "साहेब, त्या दिवशी माझ्या खांद्यावर देवीची पालखी होती. आणि एकशे दहा म्हणताय तर शिमग्याला तेवढ्यानं फक्त पालखीच जाते."

सगळं कोर्ट हसलं गो. कारकून हसला, दारातला शिपाई हसला. साहेबांनी पण मिशीवर हात ठेवला. मला वाटलं, जिंकलो. मग साहेब हवालदाराकडे वळले, "हे काय आहे?"

हवालदार म्हातारा होता, आपल्याच बाजूचा. शांतपणे बोलला, "बरोबर आहे साहेब. शिमग्याला मी पण गावाला होतो, माझ्या पण घरी पालखी येते. ही तारीख लिहिणाऱ्यानं चुकवलीय. मी रजेवरनं दोन एप्रिलला हजर झालो, त्या दिवशी पहिली गाडी हीच. जीप होती. पोरगा चालवत होता, तोंड दिसलं नाय."

दोन एप्रिल, ताय.

साहेबांनी लाल पेन काढलं. कारकुनी चूक, बोलले. सव्वीसचं दोन केलं, मार्चचं एप्रिल केलं. टेम्पो खोडून जीप. एकशे दहाचं सत्तर. ज्या तीन चुकांवर मी आंबे खाल्ले, त्या एका पेनानं एवढ्यात नीट झाल्या, माझ्या डोळ्यादेखत. खाली माझी सही होती. तिच्यात कोणाला चूक दिसली नाय.

"दोन एप्रिलला कुठं होतास?"

मी कुठं होतो? काड्याच्या पेटीसमोर होतो. आणि ज्यांनी मला त्या दिवशी रजा दिली ते राजाभाऊ समोर बाकावर बसलेले. मी त्यांच्याकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते. खूप पुसला. वकील माझ्या कानाशी आला, "लिहून दिलेलं खोटं होतं म्हणालास तर दुसरं कलम लागेल. आत जाशील." तो माझा वकील होता, ताय. राजाभाऊंनीच दिलेला.

मी बोललो, "साहेब, गाडी मीच चालवत होतो."

या वेळी कोण हसलं नाय.

दंड झाला, लायसनवर शेरा मारला. दंड राजाभाऊंनी तिथल्या तिथं भरला. दादूला बाहेर बोललो, कौल तर उजवा पडला होता. तो बोलला, "देवीला आपण पालखीचं विचारलं, ते तिनं खरं सांगितलं. तू सही खोटी केलीस काय, हे विचारलंच कुठं?" नारळ परत पिशवीत घातला नि जाऊन एस.टी.त बसला.

परत येताना जीप मीच चालवली. अर्ध्या वाटेत राजाभाऊ मागनं बोलले, "बहिणीची कावीळ पुरती उतरली का रे?"

बोललो, "उतरली."

"पथ्य पाळायला सांग. वर्षभर तेलकट नको."

त्यांना पहिल्यापासनं माहीत होतं, ताय. नोटीस आली त्या दिवसापासनं. मी नव्हतो म्हणून तर पोरानं जीप काढली होती.

बाबल्या


अलोरे,
१६ जून

बाबल्या,

बोलावणं आलंय. याच पाकिटातनं पाठवते. तीस तारखेला रत्नागिरीत, मूळ लायसन घेऊन.

मी आठ दिवस ते डब्यात ठेवलं होतं. पाठवू की नको. हे बोलले, शेरा असला तरी वेगाचा आहे, कोणाला उडवलं नाय, एखादा साहेब सोडून देईल. मला काय कळत नाय. जा. गमती सांगू नको. विचारलं तेवढंच बोल. दाढी कर.

आईचा निरोप आहे, गावी होतास तेव्हा तू जेवणात एक पण चूक काढली नाहीस. तिला काळजी लागलीय.

गोदा


रत्नागिरी,
२ जुलै

ताय,

दाढी केली होती. गमत एक पण सांगितली नाय.

खिडकीतल्या माणसानं लायसन बघितलं, शेरा बघितला. बोलला, वेगाचा आहे, चालेल कदाचित. माझ्या जिवात जीव आला. मग त्यानं शेऱ्यातली तारीख बघितली, नि ट्रायलचा कागद बघितला. परत ही बघितली, परत तो बघितला. उठून साहेबाकडे गेला.

साहेब नवीन होता. विडीवाल्याची बदली झालेली. बोलला, "दोन एप्रिलला सकाळी तू आमच्याकडे ट्रायल दिलीस?"

"होय साहेब."

"आणि दोन एप्रिललाच सकाळी संगमेश्वराजवळ जीप पळवलीस?"

साहेबानं दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले.

"एक माणूस दोन ठिकाणी नसतो. ट्रायलला तुझ्या नावावर कोणाला पाठवलं होतंस?"

मी बोललो, साहेब, मीच होतो. शेऱ्यातली तारीख चुकीची आहे. ते हसले. बोलले, "कोर्टाची तारीख चुकेल?"

मी बोललो, परत ट्रायल घ्या, आत्ता. चाकाखाली पेटी ठेवा, पायजे तर अंडं ठेवा. ते बोलले, प्रश्न पेटीचा नाही. नाव कापलं. परत अर्ज करायचा नाय असं पण लिहिलं खाली.

सव्वीस मार्च चुकीची होती तेव्हा सगळ्यांना पटलं. दोन एप्रिल चुकीची आहे तर कोणाला पटत नाय. आता जन्मभर मी दोन एप्रिलला संगमेश्वरात.

राजाभाऊंकडेच आहे. जाऊ कुठं?

बाबल्या


अलोरे,
८ जुलै

बाबल्या,

हे दोन दिवस जेवले नाय नीट. बोलतात, मी पोराला उगाच ट्रायलचं कळवलं.

माझं एक ऐक. त्या घरात राहू नको. खाणं-पिणं इथं होईल, आम्ही तीन माणसं, तू चौथा. कपातनं चहा मी पण देईन. ये.

गोदा


रत्नागिरी,
१९ ऑगस्ट

ताय,

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाय कारण उत्तर नव्हतं. आता आहे.

भास्करचा पासपोर्ट झाला, विमान ठरलं. मागल्या महिन्याच्या शेवटाला मुंबईला सोडायला जीप घेऊन मीच निघालो. राजाभाऊंनी फाटकात हात केला, "हळू चालव रे, तुझ्यावर शेरा आहे." मी मनात बोललो, बरं. काटा चाळीसच्या वर जाऊ दिला नाय. सायकलवाले पुढं गेले. भास्कर बोलला, "दाब की बाबल्या, बैलगाडी आहे काय?" बोललो, "शेरा आहे, भाऊ." तेवढीच माझी मज्जा. त्याचं विमान चुकवायचं मनात होतं, खोटं कशाला बोलू. निवळीच्या पुढं तो वैतागला, "सरक तिकडे," आणि स्वतः बसला.

त्या वळणावर तोच म्हातारा हवालदार. पाऊस असा की समोरचं दिसत नव्हतं, तो रेनकोट घालून उभा. हात केला, शिट्टी मारली. भास्करनं अजून दाबली. चिखल त्याच्या अंगावर उडालेला मी आरशात बघितला.

"तेव्हा पण इथंच वाजवली होती ह्यानं," भास्कर हसत बोलला. "बरं झालं बाबा तू आहेस."

इतक्या महिन्यांत ह्या गोष्टीवर तो पहिल्यांदा बोलला, नि एवढंच बोलला.

काल नोटीस आली. दोनदा वाचली. तारीख बरोबर, नंबर बरोबर, जीपला जीप लिहिलंय, वेग पण खरा. एक पण चूक नाय. शिकले बिचारे.

राजाभाऊंनी ओटीवर बोलावलं. खुर्ची. कपातनं चहा. पेन काढून समोर ठेवलं. "भास्कर तिकडे पोचला. आता त्याला कशाला ओढायचं? आणि तू गाडीत होतासच."

बोललो, "राजाभाऊ, त्या दिवशी मी गाडीत नव्हतो."

"नव्हतास? अरे मी स्वतः हात केला तुला!"

"मी रजेवर होतो. तुम्हीच दिलीत."

"कसली रजा?"

"बहिणीला कावीळ झाली होती."

त्यांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाय. नुसता हातात धरून बसले. आणि आतनं मालिनीबाई दारात आल्या, घाबऱ्याघुबऱ्या, "अगोबाई, परत उलटली? पथ्य पाळलं नाही वाटतं तिनं!"

राजाभाऊ त्यांच्याकडे बघेनात, माझ्याकडे बघेनात. मी चावी पेनाशेजारी ठेवली. चहा प्यायलो नाय.

नाव ते माझंच लावतील, मला ठाऊक आहे. लावू दे. सही तेवढी या वेळी त्यांना स्वतःची करायला लागेल. पोलीस आले तर काय सांगायचं ते मी ठरवलंय, सगळं सांगायचं, दुसरं कलम लागलं तर लागलं. तसं पण लायसनची आता मी काय आरती करणार आहे?

फाटकाशी मालिनीबाईंनी मागनं हाक मारली. पदराखालनं पुडी दिली, मूळ. "उगाळून दे तिला, नीट बघ हां, हयगय नको करू." ती बाई खरंच रडत होती, ताय. त्या घरातलं माझ्या जिवाला लागलेलं खोटं तेवढं एक, नि ते माझंच.

उद्याच्या एस.टी.नं येतोय. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसेन, गियर कसे टाकतो ते बघत. पुडी आणतोय, पिऊ नको, पण फेकू पण नको. मालिनीबाई रामाला पाठवल्याशिवाय राहायच्या नाय. तो आला तर दारात उभी राहा, आणि वाईच पिवळी पड.

बाबल्या